थोरला विलेम व्हान द वेल्द: तोफांच्या धुरात जहाजं रेखाटणारा माणूस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विलेम व्हान द वेल्द नेमका कोण?

सतराव्या शतकातला डच रेखाटनकार, इंग्रजीत ड्राफ्ट्समन. जन्म १६११ च्या सुमारास, लायडन शहरात. वडील मालवाहू नौकेचे तांडेल होते, त्यामुळे शिडं, दोरखंड आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी त्याला कुणी वेगळ्या शिकवाव्या लागल्या नसणार. १६३१ मध्ये लग्न झालं आणि १६३० च्याच दशकात तो बायकोमुलांसह अॅमस्टरडॅमला आला. त्या काळी जगातली सगळ्यात गजबजलेली बंदरं मोजायची झाली तर अॅमस्टरडॅमचं नाव पहिल्या दोनतीनांत यायचं. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार तिथूनच चाले. जहाजं काढणाऱ्याला विषयाची वाण नव्हती.

पुढची जवळजवळ साठ वर्षं त्यानं एकच विषय धरला: जहाज. उभं जहाज, चालतं जहाज, लढणारं जहाज, जळणारं जहाज.

ड्राफ्ट्समन म्हणजे जहाजाचे बांधणीचे नकाशे काढणारा का?

नाही. जहाज बांधायचं कसं हे तो दाखवत नव्हता. बांधून पाण्यात उतरलेलं जहाज दिसतं कसं, ते टिपायचा. गल्लत होणं साहजिक आहे, कारण त्याची रेखाटनं इतकी काटेकोर आहेत की आजचे जहाजांच्या प्रतिकृती करणारे कारागीर ती समोर ठेवून काम करतात.

थोरला आणि धाकटा ही काय भानगड आहे?

बाप विलेम, मुलगाही विलेम, दोघांचा धंदा एक, आणि बापाच्या आयुष्यातली शेवटची वीस वर्षं दोघांचा स्टुडिओही एक. इंटरनेटवर दोघांची चित्रं सर्रास एकमेकांच्या नावावर खपवलेली दिसतात. धाकटा विलेम १६३३ चा. तो सायमन द व्लीगर या चित्रकाराकडे शिकला आणि तैलरंगात बापाच्या कितीतरी पुढे गेला. दुसरा मुलगा आद्रियान हा निसर्गचित्रकार, तो १६७२ च्या जानेवारीत ऐन पस्तिशीत वारला.

ढोबळ खूण सांगायची तर चित्र तैलरंगातलं असेल, आभाळ मोठं असेल आणि ढगांतून ऊन सांडत असेल, तर ते बहुधा धाकट्याचं. काळंपांढरं असेल आणि प्रत्येक दोर मोजता येत असेल, तर थोरल्याचं. कागदावरच्या रेखाटनांत फरक ओळखणं जास्त कठीण. थोरल्याची रेघ माहिती देते, धाकट्याची रेघ हवा दाखवते. सहीच्या भरवशावर राहू नका.

प्रसिद्धी धाकट्याला मिळाली. ती योग्यच आहे, पण अपुरी आहे. धाकट्याच्या कित्येक गाजलेल्या चित्रांच्या तळाशी बापाचे कागद आहेत, आणि हे पान लिहायचं मुख्य कारण तेच.

तो खरंच चालू लढाईत समुद्रावर असायचा?

असायचा, आणि एकदाच नव्हे.

इंग्रज आणि डच यांच्यात त्या काळात तीन युद्धं झाली: १६५२ ते ५४, १६६५ ते ६७ आणि १६७२ ते ७४. तिन्ही मुख्यतः समुद्रावरची. पहिल्या युद्धाच्या शेवटी, १० ऑगस्ट १६५३ रोजी, हॉलंडमधल्या टेरहायडच्या किनाऱ्यासमोर मोठी लढाई झाली. डच सरखेल मार्टेन ट्रॉम्प तिच्यात गोळी लागून पडला. थोरला विलेम तिथे होता. चार वर्षांनी त्यानं या लढाईचं जे भव्य चित्र केलं, त्यात समोरच्या बाजूला एका छोट्या नौकेत कागद घेऊन बसलेला माणूस दिसतो. तो स्वतःच आहे. चित्रकारानं स्वतःला कोपऱ्यात काढण्याची हौस जुनीच, पण इथे ती साक्षीदाराची सहीही आहे: मी तिथे होतो, ऐकीव काढलेलं नाही.

१६५८ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनला स्वीडिश वेढ्यातून सोडवायला डच आरमार डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंदच्या सामुद्रधुनीत शिरलं, तेव्हाही तो बरोबर होता. आणि १६६६ च्या जूनमध्ये, चार दिवस चाललेल्या लढाईत, तो सरखेल मिखिएल द रॉयटरच्या आरमाराबरोबर होता. दोन्ही बाजूंची मिळून दीडशेच्या वर जहाजं एकमेकांवर आग ओकत होती. फिरण्यासाठी त्याच्या दिमतीला गॅलियट दिली होती. गॅलियट म्हणजे उथळ बुडाची, हलकी, चपळ नौका. एरवी ती आरमारात निरोप आणि पत्रं पोचवायला वापरत. मोठ्या जहाजांच्या रांगेबाहेर राहून तिच्यातून लढाई बाजूनं पाहता येई, आणि वारा फिरला तर पटकन सटकताही येई. पण तोफेचा गोळा चित्रकार ओळखून वळत नाही. धोका होताच.

अशा धुमश्चक्रीत कागदावर उतरायचं तरी काय?

आधी लढाईपूर्वीचं. हा भाग लोक विसरतात. आरमार नांगर टाकून उभं असताना तो एकेका जहाजाभोवती फिरून त्याचं ‘पोर्ट्रेट’ काढून ठेवी. बहुतेक वेळा मागच्या अंगानं, जरा तिरकस, म्हणजे पिछाडी आणि एक कूस दोन्ही दिसतात. पिछाडी महत्त्वाची, कारण डच जहाजांच्या पाठीवर नावाचं चित्रच कोरून रंगवलेलं असे. आपल्याकडच्या ट्रकच्या मागे असते तशी हौस, फक्त लाकडात आणि सोनेरी मुलाम्यात. ‘सोनेरी सिंह’ नावाच्या जहाजावर सिंह, ‘सात प्रांत’ या द रॉयटरच्या जहाजावर प्रांतांची राजचिन्हं. हे तपशील कागदावर असले की लढाईत नुसती आकृती टिपली तरी पुढे जहाज ओळखता येई.

लढाईत मात्र हात वेगळा चाले. शिसपेन्सिलीच्या पुसट, घाईच्या रेघा: क्षितिज, त्यावर डोलकाठ्यांचं रान, कुठलं जहाज कुणाला भिडलंय, कुणाची काठी मोडलीय, धूर कुठे वाहतोय. जहाजाशेजारी नाव किंवा सरखेलाचं नाव. दिवस, कधी वेळ, कधी वाऱ्याची दिशा. एक कागद भरला की त्याला दुसरा चिकटवायचा. त्यामुळे काही रेखाटनं लांबच लांब पट्ट्यांसारखी आहेत, डावीकडून उजवीकडे वाचत जावी लागतात. नंतर निवांतपणे करड्या शाईचा पातळ हात फिरवून सावलीची बाजू पक्की करायची.

या कागदांपुढे बसलं की जाणवतं, यांत सुंदर दिसायची धडपड नाही. समुद्र तर जवळजवळ कोराच सोडलेला असतो, लाटांवर वेळ घालवायला फुरसत कुणाला होती? मला हे कागद तयार चित्रांपेक्षा जास्त आवडतात, हे सांगूनच टाकतो.

त्याची ती काळीपांढरी मोठी चित्रं म्हणजे छापील आहेत का?

पाहणाऱ्याला तसंच वाटतं, आणि वाटावं हाच हेतू होता. पण ती हातानं काढलेली आहेत. फळीवर किंवा कॅनव्हासवर पांढऱ्या शिशाच्या तेलरंगाचा गुळगुळीत थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर टाकानं व बारीक कुंचल्यानं काळ्या शाईत चित्र उतरवायचं. याला ‘लेखणीचं चित्र’ म्हणत. हा प्रकार एकट्या त्याचा नव्हता, पण त्याच्याइतक्या उंचीवर तो कुणी नेला नाही.

टेरहायडचं चित्र जवळपास तीन मीटर रुंद आहे. तीन मीटर, टाकानं! पुढच्या लाटा एकेका रेघेनं उभ्या केलेल्या, मधल्या जहाजांवर बोटभर उंचीची माणसं शिडाच्या दोरांना लोंबकळलेली, आणि मागे क्षितिजावर रेघा इतक्या विरळ होत जातात की धूर आणि दूरची शिडं वेगळी करता येत नाहीत. रंग नसताना अंतर दाखवायचं ते असं, रेघेच्या जाडीनं.

गिऱ्हाईकंही तशीच बडी. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला कार्डिनल लिओपोल्दो त्याची चित्रं मागवणाऱ्यांत होता.

मग तो रंग का वापरत नव्हता? येत नव्हते का?

उतारवयात त्यानं तैलरंगाला हात लावला. पण त्याची ख्याती रेघेची होती, गिऱ्हाईक त्यासाठीच येई, आणि घरात रंगांचा उस्ताद मुलगा होताच.

तो डच असून शत्रूराजाच्या नोकरीत कसा गेला? ही फितुरी नव्हे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि लोक जरा घुश्शातच विचारतात.

१६७२ हे वर्ष डच इतिहासात ‘संकटाचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. एकाच वर्षी इंग्लंड, फ्रान्स आणि म्युन्स्टर व कोलोन इथल्या बिशपांच्या फौजांनी देशावर झडप घातली. फ्रेंच सैन्य आत घुसलं, शत्रूला अडवायला डचांनी बांध फोडून स्वतःचीच जमीन पाण्याखाली घातली. अशा वेळी चित्रं कोण विकत घेतो? बाजार बसला आणि चित्रकार देशोधडीला लागले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं जाहीरनामा काढून डच लोकांना आपल्या देशात येऊन स्थायिक व्हायचं आमंत्रण दिलं. ७२-७३ च्या हिवाळ्यात बापलेक लंडनला दाखल झाले. युद्ध अजून चालू होतं.

आजच्या राष्ट्रवादाच्या चष्म्यातून हे खुपतं. त्या काळात हुन्नरी माणूस आश्रयदात्यामागे जाई, तोफा ओतणारा असो की चित्रकार. त्यानं डचांचं कुठलं गुपित विकल्याचा पुरावा नाही. विकलं ते कसब.

गंमत पुढे आहे. २८ मे १६७२ ला, म्हणजे देश सोडण्याच्या काही महिने आधी, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सोलबेची लढाई झाली. इंग्रजांचं ‘रॉयल जेम्स’ हे प्रचंड जहाज आगनौकेनं, म्हणजे शत्रूवर पेटवून सोडलेल्या नौकेनं, पेटलं आणि त्यावरचा सरखेल सँडविचचा अर्ल बुडून मेला. थोरल्यानं ही लढाई डच बाजूनं पाहून रेखाटली होती. इंग्लंडला गेल्यावर भिंतीवर टांगायच्या, याच लढाईची चित्रं असलेल्या विणीव पडद्यांचे आराखडे त्याच्याकडूनच करून घेतले गेले, इंग्लंडच्या राजदरबारासाठी! जळणारं ‘रॉयल जेम्स’ असलेला पडदा आजही लंडनच्या ग्रिनिच भागातल्या संग्रहालयात आहे. शत्रूच्या नौकेतून पाहिलेला आपलाच जाळ राजाला भिंतीवर हवा होता. यात फितूर कोण आणि कुणाचा, हे तुम्हीच ठरवा.

पगार किती होता?

१६७४ च्या राजाज्ञेनुसार दोघांना प्रत्येकी वर्षाला १०० पौंड. आज्ञेतली कामाची वाटणी मार्मिक आहे: बापाला समुद्री लढायांची रेखाटनं करण्यासाठी, मुलाला त्या रेखाटनांत रंग भरण्यासाठी. शिवाय राजाचा भाऊ, यॉर्कचा ड्यूक, प्रत्येकी ५० पौंड देई. चित्रांचे पैसे वेगळे. तुलनेसाठी: इंग्रज आरमाराच्या कचेरीतला बडा अधिकारी आणि रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पेपिस याचा सरकारी पगार वर्षाला ३५० पौंड होता. चित्रकाराच्या मानानं हे बरं चाललं होतं.

कामाला जागा मिळाली ग्रिनिचच्या ‘क्वीन्स हाउस’मध्ये, तळमजल्यावर. १६७५ मध्ये डच चित्रकारांच्या खोलीच्या तीन खिडक्यांना झडपा बसवल्याची सरकारी नोंद आहे. उजेड कमीजास्त करायला, हे उघड आहे. दरबारी कारकुनानं सुताराच्या बिलात नोंदवलं म्हणून कला-इतिहासाला कळलेली ही बाब.

तो हेर होता असं वाचलं, खरं का?

एक जुना प्रवाद आहे की १६६६ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी टर्शेलिंग या डच बेटावरचं गाव जाळलं तेव्हा वाट दाखवायला हाच होता. पण त्याच उन्हाळ्यात तो द रॉयटरच्या आरमारात बसून चित्रं काढत होता. प्रवाद सोडून द्या.

घरचं आयुष्य कसं होतं?

चांगलं नव्हतं, आणि दोष बराचसा त्याचाच दिसतो. १६५३ मध्ये, म्हणजे टेरहायडच्याच वर्षी, त्याला लग्नाबाहेर दोन मुलं झाली: एक घरच्या मोलकरणीपासून, दुसरं तिच्या मैत्रिणीपासून. बायको युडिथ आणि तो १६६२ मध्ये कायद्यानं वेगळे झाले. निमित्त होतं एका विवाहितेशी त्याचे संबंध. रेघेत इतका शिस्तशीर असलेला माणूस घरात असा वागला.

त्याची चित्रं पुरावा म्हणून धरता येतात का?

कागदावरची रेखाटनं बऱ्याच अंशी येतात, मोठी चित्रं जपून.

रेखाटनात त्यानं पाहिलेलं आहे, शेजारी टिपण आहे. तरी एका नौकेतून एकाच बाजूची लढाई दिसते आणि धुरापलीकडचं दिसत नाही, हे ध्यानात ठेवायचं. मोठं चित्र हे मात्र गिऱ्हाइकाला दाखवायचा माल. त्यात सकाळचा आणि दुपारचा प्रसंग शेजारी येऊ शकतात, मागवणाऱ्याचं जहाज जरा पुढे सरकतं, धूर सोयीनं बाजूला होतो.

धाकट्याच्या चित्रांत आणखी एक पायरी वाढते. १६८७ मध्ये त्यानं ‘सोनेरी सिंह’ हे जहाज टेक्सेलच्या लढाईत लढताना रंगवलं. टेक्सेलची लढाई १६७३ ची, मध्ये चौदा वर्षं गेलेली. जहाजांचे असे तपशील पुरवायला घरी जुन्या कागदांची फडताळं होती. ही दुकानाची खरी पुंजी. एखाद्या रेखाटनाची प्रत हवी असली तर ते ओलसर कोऱ्या कागदावर दाबून उलटा ठसा घेत आणि तो पुन्हा रेखून काढत. उजवीकडे जाणारं जहाज डावीकडे जाऊ लागे. अभ्यासकांनी यात चांगलाच मार खाल्ला आहे, कारण उलट्या ठशात तेच जहाज दुसरंच वाटतं.

एकाच लढाईच्या दोन तारखा का दिसतात?

इंग्लंड तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळत होतं आणि हॉलंड नवी ग्रेगोरियन. फरक दहा दिवसांचा. चार दिवसांची लढाई इंग्रजांच्या हिशेबी १ ते ४ जून, डचांच्या हिशेबी ११ ते १४ जून. वर सोलबेची दिलेली तारीख इंग्रजी हिशेबाची आहे, टेरहायडची डच.

टर्नरशी याचा काय संबंध?

टर्नर हा नंतरचा इंग्रज चित्रकार, त्याचा संबंध धाकट्याशी. ब्रिजवॉटरच्या ड्यूककडे धाकट्याचं वादळात सापडलेल्या होड्यांचं एक चित्र होतं. त्याला जोड म्हणून ड्यूकनं तरुण टर्नरकडून दुसरं करून घेतलं आणि ते १८०१ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झालं. टर्नरनं रचना आरशातल्यासारखी उलटवली आणि लाटा जास्त पिसाळवल्या. इंग्लंडमध्ये समुद्रचित्रांची जी परंपरा पुढे दोनशे वर्षं चालली, तिचा उगम ग्रिनिचच्या त्या तळमजल्यावर आहे.

मराठी वाचकाचा यात कुठे धागा लागतो का?

चित्रकाराचा थेट संबंध नाही, ओढूनताणून लावू नये. त्याच्या मालकाचा आहे. ज्या दुसऱ्या चार्ल्सनं त्याला नोकरी दिली, त्यालाच पोर्तुगालच्या कॅथरीनशी झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या करारात मुंबई मिळाली. त्यानं ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. म्हणजे या राजाच्या लेखी मुंबईचं वार्षिक भाडं एका रेखाटनकाराच्या पगाराच्या दहाव्या हिश्श्याएवढं. चित्रकारांच्या पगाराची आज्ञा निघाली त्या १६७४ मध्येच रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि डचांची वखार त्या काळात वेंगुर्ल्यात होतीच.

समुद्रावरची लढाई चित्रात मांडणं आपल्या किनाऱ्याला नवं नव्हतं. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई दगडात कोरलेली आहे, तीही या डच माणसाच्या कित्येक शतकं आधी. मात्र शिवकाळातली गलबतं आणि गुराबा नेमक्या कशा दिसत हे ठरवताना अभ्यासकांना पत्रव्यवहार आणि बखरींवर मोठी भिस्त ठेवावी लागते. द रॉयटरच्या आरमारातल्या एकेका जहाजाची पिछाडी आपल्याला पाहता येते. शिवरायांच्या आरमारातल्या दर्यासारंगाच्या किंवा दौलतखानाच्या गलबताजवळ असा कुणी कागद घेऊन बसला असता तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

शेवटची वर्षं कशी गेली?

कामात. साठी उलटल्यावरही तो दरबाराच्या नौकांमागे कागद घेऊन फिरत होता. १६७७ मध्ये ऑरेंजचा विल्यम आणि राजकन्या मेरी लग्नानंतर हॉलंडला निघाले, तो प्रवासही त्यानं रेखाटला. बारा वर्षांनी हेच जोडपं इंग्लंडच्या गादीवर बसलं. बापलेक १६९१ च्या सुमारास ग्रिनिच सोडून लंडनमध्ये सॅकव्हिल स्ट्रीटवर राहायला गेले. थोरला १६९३ च्या डिसेंबरात वारला आणि पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये पुरला गेला. धाकटाही १७०७ मध्ये तिथेच.

हे सगळं पाहायचं कुठे? सुरुवात कशानं करू?

रेखाटनांचा सगळ्यात मोठा साठा ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे, १,४०० हून जास्त. दुसरा मोठा साठा रॉटरडॅमच्या बॉयमन्स व्हान ब्यूनिंगन संग्रहालयात. टेरहायडचं चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. लंडनला जाणं होणार असेल तर क्वीन्स हाउसला प्रवेश फुकट आहे, आणि ज्या इमारतीत चित्रं झाली तिथेच ती पाहता येतात.

घरबसल्या पाहायचं तर राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर टेरहायडचं चित्र उघडा आणि शक्य तितकं मोठं करा. मोबाइलवर नको, मोठा पडदा घ्या. आधी समोरच्या छोट्या नौकेतला चित्र काढणारा माणूस शोधा, मग तो पाहतोय त्या दिशेनं सावकाश सरकत जा. त्यानंतर ग्रिनिचच्या संग्रहातलं एखादं साधं, शिसपेन्सिलीचं जहाज बघा आणि डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत किती गोष्टी त्यानं सोडल्यात, त्या मोजा. फार थोड्या सापडतील.